टोकाकडून मुळाकडे

अर्धा तास कुणी हाक मारणार नाही अशी वेळ निवडा. वेणी असेल तर सोडा, केस खांद्यावरून पुढे घ्या आणि पाठ टेकून बसा. जवळ आरसा नको. आरशात पाहिलं की आपण लगेच निकाल देऊन मोकळे होतो: राठ झालेत, पातळ झालेत, पूर्वीसारखे राहिले नाहीत. आज निकाल नको. आज बोटं टोकापासून मुळापर्यंत सावकाश न्यायची आणि जागोजागी थांबून तिथे काय घडलंय ते समजून घ्यायचं. तुमचे केस आखूड असतील तर घरातल्या कुणाच्या फणीत अडकलेला एखादा लांब केस घ्या. तोही पुरेल.

श्वास आपल्या गतीने चालू द्या. खांदे सैल सोडा.

आता एक बट घ्या आणि तिचं टोक चिमटीत धरा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, वर्षाकाठी १२ ते १५. तुमचे केस ४५ सेंटीमीटर लांब असतील, तर चिमटीतलं हे टोक तीन-चार वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलं. त्या वर्षी तुम्ही कुठे राहत होता? नळाला पाणी कुठलं होतं? घरात कोण आजारी होतं, रात्री झोप लागत होती का? आठवेल तेवढं आठवू द्या. तेव्हापासून आजपर्यंतचं प्रत्येक न्हाणं, दुपारचं ऊन, घाईत ओढलेला कंगवा, उशीवर बदललेली प्रत्येक कूस या टोकाने सोसली आहे. ते राठ लागलं तर त्याला नावं ठेवू नका. टाळूजवळच्या केसाने यातलं फारसं काही अजून पाहिलेलंच नाही.

थोडं थांबा. मग पुढचं वाचा.

त्वचेबाहेर आलेला केस जिवंत नसतो. त्यात रक्त फिरत नाही, नस नसते, जिवंत पेशी नसते. बोटाला चिरलं तर शरीर ती जखम भरून काढतं. केसाला फाटा फुटला तर तो सांधायला तिथे कुणीच नसतं. सीरम किंवा हेअर मास्क ती फट तात्पुरती चिकटवतो. पुढच्या धुण्यात ती पुन्हा उघडते आणि तशीच ठेवली तर वर चढत जाते. फाटे फुटलेल्या टोकाला इलाज एकच, कात्री. तीन महिन्यांत केस सुमारे तीन सेंटीमीटर वाढतो. त्यातला एक सेंटीमीटर छाटला तरी लांबी वाढतच राहते.

हे वाचून मन खट्टू झालं असेल तर होऊ द्या. केस जपण्यात किती माया आणि किती वर्षं गेलेली असतात, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पण हे एकदा मान्य केलं की एक मोठा खटाटोप संपतो. झालेली इजा भरून येत नाही. नवी इजा मात्र थांबवता येते, आणि मुळातून येणाऱ्या नव्या केसाला शाबूत वाढू देता येतं. केसांची निगा म्हणजे माझ्या लेखी एवढंच. पुढचं सगळं याच एका गोष्टीचं सविस्तर मनन आहे.

आता गळलेला एकच केस घ्या. मुळाकडची बाजू एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताची चिमटी मुळाकडून टोकाकडे न्या. बोटं अलगद सरकतात. आता चिमटी उलटी, टोकाकडून मुळाकडे आणा. बारीकसा अडथळा जाणवेल. डोळे मिटून पुन्हा करून पाहा, म्हणजे फरक नीट कळेल.

हा फरक केसाच्या वरच्या आवरणामुळे पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते कोकणातल्या कौलारू छपरासारखं दिसतं: पातळ खवले एकावर एक चढवलेले, आणि सगळ्यांची मोकळी कड टोकाच्या दिशेला. निरोगी केसात अशा खवल्यांचे सहा ते दहा थर असतात. त्यांच्या आत केराटिन या प्रथिनाचे लांब तंतू असतात. केसाची ताकद ती तिथली. सर्वांत वर स्निग्ध पदार्थाचा अगदी पातळ थर असतो. त्याच्यामुळे पाणी ओघळून जातं आणि केसावर तुकतुकी दिसते. कौल सरकलं की पाऊस घरात येतो. तसे खवले उचकटले की पाणी आत शिरतं, आतली प्रथिनं थोडी थोडी धुऊन जातात आणि एक केस दुसऱ्यात अडकायला लागतो. केस राठ होणं, गुंतणं, निस्तेज दिसणं या तिन्ही तक्रारी इथून सुरू होतात.

कंडिशनरचा उपयोगही इथेच समजतो. जिथलं आवरण झिजलंय तिथे केसावर ऋण विद्युतभार वाढतो. कंडिशनरमधले धन भाराचे रेणू नेमके तिथे जाऊन चिकटतात आणि घर्षण कमी करतात. म्हणून तो टाळूला न लावता खालच्या लांबीला लावावा. तो इजा बरी करत नाही, पुढची टाळतो, आणि तेवढं काम मोलाचं आहे.

बोटं थोडी वर न्या. आता न्हाण्याचा विचार मनात येऊ द्या.

ओला केस स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी शोषतो. तो फुगतो, वाळताना आक्रसतो, आणि या फुगण्या-आक्रसण्यात खवले सैल होतात. न्हाण्याआधी खोबरेल लावायची आपल्याकडची रीत इथे उपयोगी पडते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातल्या प्रथिनांची झीज लक्षणीय कमी झाली ती खोबरेलाने, केस धुण्याआधी लावलं तेव्हाही आणि नंतर लावलं तेव्हाही. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवावं. तरी त्या अभ्यासात दिलेलं कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आतपर्यंत झिरपतो आणि पाण्याला जागा कमी उरते.

थंडीत गोठलेली खोबरेलाची बाटली गरम पाण्याच्या तांब्यात ठेवल्याचं डोळ्यांपुढे आणा. तेल पातळ होतंय. तळहातावर चमचाभर घ्या, दोन्ही हातांना चोळा आणि लांबीवरून, विशेषतः टोकांवरून, हात फिरवा. रगडायची गरज नाही. तेलाने केस लवकर वाढत नाहीत, पण झिजायचे ते कमी झिजतात. कोंडा असेल तर मात्र टाळूवर तेल थापू नका. कोंड्याशी संबंधित सूक्ष्म बुरशी स्निग्ध पदार्थांवरच जगते.

शिकेकाई, रिठा, आवळा रात्री भिजवून सकाळी उकळत असाल तर ते पाणी फडक्यातून नीट गाळा. भरड कण केसांत राहिले तर विंचरताना तेच घासतात. बोअरचं पाणी जड असेल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात. अशा वेळी शेवटचे दोन तांबे मऊ पाण्याचे घेतले तरी फरक जाणवतो. शाम्पू टाळूसाठी असतो. लांबीवरून नुसता फेस ओघळला तरी ती स्वच्छ होते. नंतर जुना मऊ पंचा केसांभोवती गुंडाळून दाबा. खसाखसा पुसू नका, पंच्याने झटकू नका.

आता फणीकडे या. इथे जास्त वेळ थांबू या.

केस ओला असताना जास्त ताणला जातो. आतले काही बंध पाण्याने सुटलेले असतात, आणि मर्यादेपलीकडे ओढला तर तो पुन्हा पूर्ववत होत नाही. सरळ केस बरेचसे वाळू द्यावेत आणि मगच विंचरावेत. कुरळे केस मात्र ओलसर असताना, कंडिशनर लावलेले असतानाच सोडवलेले बरे. फणी रुंद दातांची घ्या. एका हाताने बट गुंत्याच्या वर घट्ट धरा, म्हणजे मुळांना ओढ लागणार नाही. मग टोकाकडचे चार बोटं केस आधी सोडवा. ते मोकळे झाले की चार बोटं वरून पुन्हा खालपर्यंत या. असं करत करत टाळूपर्यंत पोहोचा. वरून एका दमात फणी ओढली की सगळे छोटे गुंते खाली ढकलले जातात, त्यांची गाठ होते आणि केस तटातट तुटतात. पुढच्या वेळी गाठ लागली की हात आपोआप जोर लावेल. त्या क्षणी फणी बाजूला ठेवा आणि गाठ बोटांनी उकला. रोजच्या रोज दोन मिनिटं वाचवण्यासाठी आपण किती केस तोडतो, याचा आता शांतपणे विचार करा.

आणि ज्या बायकांच्या केसांना फणी लावायचीच मनाई झाली, त्यांचाही विचार करा. न विंचरलेले केस घाम, धूळ आणि तेलाने एकमेकांत घट्ट बसतात, त्याची जट होते. महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात कित्येक घरांनी तिला यल्लम्मा देवीचा कोप किंवा कौल मानलं. बाई मानदुखी आणि दुर्गंध सोसत राहिली, कात्री लावायला घाबरत राहिली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना समजावून जटा उतरवल्या. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी तर शेकडो बायकांना या ओझ्यातून सोडवलं. डोकं स्वच्छ ठेवता येणं, केस विंचरता येणं हा माणसाचा हक्क आहे. आपल्या हातातल्या साध्या फणीकडे पाहताना हे आठवावं.

उष्णता आणि रसायनं यांच्याजवळून जाताना एवढं मनात ठेवा. ओल्या केसाला तापलेलं स्ट्रेटनर लावलं की आतल्या पाण्याची वाफ होते, केसात बुडबुडे धरतात आणि तो तिथेच मोडतो. ब्लीच वरचा स्निग्ध थर काढून टाकतं. कायमचं सरळीकरण केराटिनमधले गंधकाचे बंध तोडून नव्याने बांधतं, आणि सगळेच काही पुन्हा जुळत नाहीत. केस मऊ आणि सरळ करणाऱ्या काही ट्रीटमेंटमध्ये तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवलं आहे. पार्लरमध्ये डोळे चुरचुरले तर ते सहन करत बसू नका. उठा आणि विचारा. घट्ट अंबाडा, ताणून बांधलेली पोनी आणि आवळलेलं रबर रोज त्याच जागी असेल, तर कपाळावरची केसांची रेषा मागे सरकायला लागते. वेळीच सैल केलं तर ती सावरते.

आता बोटांची टोकं टाळूवर ठेवा. ऊब जाणवते? इथून खाली सगळं जिवंत आहे.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. दोन ते सहा वर्षं तो वाढतो, दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, मग तीनेक महिने तो नुसता बसून राहतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस गळणं हे निरोगी डोक्याचं काम आहे. फणीतला केस उजेडात धरून पाहा. एका टोकाला पांढरा बारीक गोळा असेल तर तो मुळातून, आपली मुदत संपवून आला. गोळा नसेल आणि केस आखूड असेल तर तो मधूनच तुटला. तुटणाऱ्या केसासाठी फणी, पाणी, उष्णता यांच्याकडे पाहायचं. गळणाऱ्या केसासाठी शरीराकडे.

टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, उपासमारीसारखं डाएट, जिवाला लागलेला घोर, यानंतर बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मुठीने गळतात. तोवर आपण आजारपण विसरलेलो असतो, आणि दोष शाम्पूला देतो. तुमचे केस सध्या गळत असतील तर तीन महिने मागे जा. तेव्हा काय झालं होतं? बहुतेक वेळा हे गळणं सहाएक महिन्यांत आपोआप ओसरतं.

आणि ताटाकडे पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. शरीराला लोह कमी पडलं की केसासारख्या बिनतातडीच्या कामावर आधी गदा येते. सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खाणाऱ्या बाईचे केस तेलाने भरून येणार नाहीत. तिच्या ताटात डाळ, उसळ, पालेभाजी आणि वर पिळलेलं लिंबू हवं, जमत असेल तर अंडं किंवा मासळी हवी, अळिवाचा लाडू बाळंतपणापुरता राहू नये, आणि जेवणाला लागून घेतलेला चहा तासभर पुढे जावा. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची तपासणी महागड्या मास्कच्या आधी करावी.

वारशाने विरळ होणारे केस, चाई, केमोथेरपीत गेलेले केस यांत कुणाची कसूर नसते. ज्यांना हे सोसावं लागतंय त्यांनी स्वतःला बोल लावू नये आणि इतरांनी तेलाचे सल्ले देऊ नयेत. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा दिसला किंवा भांग रुंदावत चालला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जावं. लवकर गेलं तर उपचारांना जास्त वाव असतो.

 आज वाचलेलं सगळं एकदम अंगीकारायचं नाही. तुमच्या केसांना रोज होणारी एकच इजा निवडा: आवळलेलं रबर, ओल्या केसांतून ओढलेला कंगवा, तापलेलं स्ट्रेटनर किंवा स्वतःचं वाढून न घेतलेलं जेवण. ती थांबवा आणि आजची तारीख लिहून ठेवा. सहा महिन्यांनी टाळूजवळचे पहिले सहा-सात सेंटीमीटर चिमटीत धरून पाहा. तेवढा केस त्या इजेवाचून वाढलेला असेल. मग दुसरी इजा निवडा.