आंधळा राखणदार

कामणला आमची लहानशी वाडी आहे. पाठीशी तुंगारेश्वराचे रान. त्यामुळे रानडुकरांचे येणेजाणे चुकत नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्रीत त्यांनी सुरणाचा वाफा उकरून टाकला. शेजारचे काका म्हणाले, "कुंपणाच्या तारेत वीज सोडा. कायमची सुटका!" खोटे कशाला सांगू? रागाच्या भरात मी तारेचे भेंडोळे विकत आणलेही.

रात्री ते पडवीत पडून होते आणि मला झोप येईना. आमच्या वाडीतून कोण कोण जाते, ते आठवू लागलो. जवळची वाट म्हणून पहाटे मोळीला निघालेली बाई, वैशाखात पडका आंबा वेचणारी पोरे. राखणदाराच्या हाती काठी असते, पण त्याला डोळेही असतात. समोर पोर दिसले की उगारलेली काठी खाली येते. तारेला पोर आणि डुक्कर सारखेच.

हा प्रश्न न्यायालयातही जाऊन आला आहे. बिहारमध्ये एकाच्या शौचकूपात शेजारची माणसे न विचारता येत. त्याने तिथे उघड्या तारेत वीज सोडली. एक बाई मेली. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली त्याची शिक्षा कायम केली. अनधिकाराने शिरलेल्या माणसाला मालकाने स्वतः इजा करणे जसे गैर, तसेच ती तारेकडून करवणेही गैर, असा त्या निकालाचा इत्यर्थ. इंग्लंडात मळ्यांतून चोरांसाठी आपोआप उडणाऱ्या बंदुका लावीत. त्यांना १८२७ साली कायद्याने मनाई झाली. आपल्याकडे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून ती पाच वर्षांपर्यंत झाली आहे.

"मग धोक्याची पाटी लावा," काका म्हणाले. पण काळोखात पाटी वाचणार कोण? आणि समजा, वाचूनही कोणी चोर आत आला, तर सुरणाच्या चोरीला मरणाची शिक्षा देणारा मी कोण? माझा राग सकाळी उतरतो. तारेतला उतरत नाही. मी झोपलो तरी तो माझ्या नावाने जागा राहणार.

तार दुकानदाराने परत घेतली नाही. तिच्यावर आता दोडक्याचा वेल चढला आहे. रात्री उठून मी पत्र्याचा डबा बडवतो. तरी डुकरे आलीच. यंदा दिवाळीचा सुरण बाजारातून आणला. एवढा तोटा मला सोसवतो.