देवाचा कोप आणि माणसांनी सांडलेलं रक्त

गेल्या हिवाळ्यात एका व्याख्यानमालेत एका नामवंत विवेकवादी वक्त्यांनी ख्रिस्ती धर्माचा निकाल दोन मिनिटांत लावला. ख्रिस्त्यांचा देव आधी माणसावर रागावतो, तो राग शमावा म्हणून स्वतःच्याच मुलाचं रक्त घेतो आणि वर त्यालाच दया म्हणतो. त्यापेक्षा बोकडावर भागवणारी आपली ग्रामदैवतं परवडली, असा त्यांचा मुद्दा. सभागृह खूश झालं. प्रश्नोत्तरांत एक ख्रिस्ती गृहस्थ उठले आणि अजिजीने म्हणाले, आमच्या देवाला राग येतच नाही, तो निव्वळ प्रेम आहे, रक्ताबिक्ताची भाषा जुन्या काळातली. वक्त्यांच्या हल्ल्यापेक्षा मला हा बचाव जास्त लागला. हल्ल्यात निदान अर्धं खरं होतं.

ते अर्धं आधी मान्य करतो. हा आक्षेप विवेकवाद्यांचा शोध नाही, तो चर्चच्या घरातच जन्मला. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने सरळ विचारलं होतं: ख्रिस्ताचं रक्त खंडणी म्हणून दिलं म्हणता, तर दिलं कुणाला? सैतानाला म्हणावं, तर लुटारूच्या हाती देवाचाच मोबदला पडला, याहून लाजिरवाणं काही नाही. पित्याला म्हणावं, तर अब्राहामाच्या हातून ज्याने इसहाकाचा बळी घेतला नाही, त्याला स्वतःच्या पुत्राचं रक्त कसं रुचेल? बाराव्या शतकात फ्रान्समधल्या आबेलारने पौलाच्या रोमकरांस पत्रावर भाष्य लिहिताना तेच जास्त कडक शब्दांत मांडलं: निरपराध्याचं रक्त कशाचीही किंमत म्हणून मागणं हे क्रौर्य आहे.

हा वाद अजून मिटलेला नाही. 'इन ख्राइस्ट अलोन' हे गाणं कीथ गेटी आणि स्टुअर्ट टाउनेंड यांनी 2001 मध्ये लिहिलं आणि ते जगभरच्या चर्चमध्ये पोचलं. क्रूसावर देवाच्या कोपाचं समाधान झालं, असा त्यातल्या एका ओळीचा आशय आहे. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चचं नवं गीतपुस्तक तयार होत होतं, तेव्हा समितीला त्या जागी कोपाऐवजी प्रेमाची ओळ हवी होती. गीतकारांनी नकार दिला. 2013 साली ही बातमी गाजली. समितीत मतदान झालं, नऊ विरुद्ध सहा, आणि गाणं वगळलं गेलं.

समितीच्या बाजूने पुष्कळ बोलता येतं. वक्ते आणि गीतकार एकमेकांच्या विरोधात उभे असले, तरी दोघांचं गृहीत एकच आहे: बायबलमधला बळी म्हणजे पाप्याची शिक्षा जनावराला देणं. आता बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा सोळावा अध्याय काढून प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी नीट वाचा. दोन बकरे आणतात. चिठ्ठ्या टाकतात, एक परमेश्वराच्या नावाने निघतो, दुसरा अजाजेलाच्या. पहिला कापतात आणि त्याचं रक्त पडद्याआड नेऊन दयासनावर, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणावर, आणि त्याच्यासमोर शिंपडतात. दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवतो, इस्राएलाची सारी पापं कबूल करून त्याच्यावर घालतो आणि त्याला जिवंत रानात सोडून देतात. पुढच्या काळात त्याला कड्यावरून ढकलू लागले. लेवीयमध्ये ते नाही. म्हणजे ज्याच्या माथी पाप मारलं तो बकरा मारला जात नाही, आणि जो मारला जातो त्याच्या माथी पाप मारलेलंच नसतं. शिक्षेची अदलाबदल इथे कुठे आहे? देवाचा राग रक्ताने शांत झाला, असं वाक्य त्या अध्यायात नाही. ज्यू पंडित जेकब मिल्ग्रोम यांनी लेवीयवर तीन खंडांचं भाष्य लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की रक्तात जीव असतो आणि तो जीव माणसांच्या दुष्कर्मांनी विटाळलेलं पवित्रस्थान शुद्ध करतो. तिथे देवाला खूश करण्याचा प्रश्नच नाही.

त्याच पुस्तकाचा पाचवा अध्याय तर वक्त्यांनी वाचलेला असणं शक्यच नाही. पापार्पणासाठी बकरी किंवा मेंढी आणावी. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, तेल न घालता, ऊद न ठेवता. याजकाने त्यातलं मूठभर वेदीवर जाळावं, की त्या माणसाला क्षमा झाली. पिठात रक्त नाही. तरी क्षमा आहे, आणि तीही दुय्यम दर्जाची नाही. रक्तावाचून पापक्षमा नाही हे जे इब्री लोकांस पत्रातलं वचन व्यासपीठावरून गर्जून सांगितलं जातं, त्याच ओळीत आधी 'बहुतेक' अशी मर्यादा घातलेली आहे. ती गाळून वाचतात. शिवाय होशेय संदेष्ट्याने यज्ञापेक्षा दया मागितली आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू त्याच वचनाची आठवण दोनदा करून देतो.

इथपर्यंत मी समितीबरोबर आहे. गाण्यातून कोपच काढून टाका असं ती म्हणू लागली, की मी तिच्याबरोबर जाऊ शकत नाही. कारण लॅक्टॅन्शियस आडवा येतो.

हा उत्तर आफ्रिकेतला लॅटिन वक्तृत्वाचा शिक्षक. सम्राट डायोक्लेशियनने त्याला निकोमीडियाला, आजच्या तुर्कस्तानातल्या इझमितला, शिकवायला बोलावून घेतलं. राजवाड्यातून दिसेल अशा उंचवट्यावर तिथलं चर्च होतं. 303 सालच्या फेब्रुवारीत सम्राटाच्या माणसांनी ते जमीनदोस्त केलं आणि साम्राज्यभर ख्रिस्त्यांचा छळ सुरू झाला. लॅक्टॅन्शियसने त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. पुढे छळ थांबला, कॉन्स्टंटाइनच्या मुलाचा तो शिक्षक झाला, आणि त्या काळात त्याने देवाच्या क्रोधावर एक छोटा ग्रंथ लिहिला. तत्त्वज्ञांना पेलणार नाही असा प्रश्न त्यात आहे.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचा देव रागावत नाही, पण प्रेमही करत नाही. तो स्वतःच्या शांततेत मग्न. लॅक्टॅन्शियस म्हणतो, हे निदान सुसंगत आहे, फक्त अशा देवाची पूजा करायचं कारण उरत नाही. स्टोइक तत्त्वज्ञांचा देव कृपाळू आहे पण त्याला क्रोध नाही. हे मात्र त्याला टिकण्यासारखं वाटत नाही. सज्जनांवर ज्याचा जीव आहे, त्याला सज्जनांना चिरडणाऱ्यांचा संताप आलाच पाहिजे. चांगल्यावाइटाच्या बाबतीत ज्याच्या मनात एका बाजूला काही हलतं, त्याच्या मनात दुसऱ्या बाजूलाही हलेल; नाहीतर कुठेच हलणार नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत माणसं छळली गेली, त्याला निर्विकार देव हा शेवटी छळणाऱ्याच्या सोयीचा देव वाटला. मला त्याचं हे म्हणणं अजूनही कुणी खोडलेलं दिसत नाही. राग न येणारा देव ज्यांना सुसंस्कृत वाटतो, त्यांच्यावर सहसा काही गुदरलेलं नसतं.

पण त्याच लॅक्टॅन्शियसने छळकर्त्यांच्या मृत्यूंवर दुसरं पुस्तक लिहिलं. त्यात सम्राट गॅलेरियसचं शरीर कसं सडलं, किडे कसे पडले, दुर्गंधी किती लांब गेली, हे तो चवीने सांगतो. एका ग्रंथात जो क्रोध पीडितांच्या बाजूने उभा राहतो, तोच दुसऱ्यात शत्रूच्या जखमा मोजत बसतो. देवाच्या कोपाचा पुरस्कार करणाऱ्या प्रत्येकाने ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. कोप खरा असला, तरी माणसाच्या हातात आला की नासतो.

देवाच्या हातात तो का नासू नये, याचं उत्तर मला अब्राहम हेशेल यांच्याकडे मिळतं. वॉर्सात जन्मलेला हा रब्बी 1939 साली आक्रमणाच्या काही आठवडे आधी पोलंडबाहेर पडला. त्याची आई आणि बहिणी नाझींच्या हिंसेत गेल्या. 1965 साली तो मार्टिन लूथर किंग यांच्याबरोबर नागरी हक्कांसाठी अमेरिकेतल्या सेल्मात चालला. संदेष्ट्यांवरच्या त्याच्या 1962 च्या ग्रंथाचा गाभा असा की देवाचा क्रोध म्हणजे त्याच्या बेपर्वाईचा अंत. आमोस संदेष्ट्याचा देव चिडतो तो यज्ञात कमतरता राहिली म्हणून नाही, गरिबाला जोड्यांच्या जोडीसाठी विकलं म्हणून. हा राग रक्ताने शमणारा नाहीच. तो न्यायाने शमेल. पौलही रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात देवाचा कोप कसा दिसतो ते सांगताना वीज पाडत नाही. देव माणसांना त्यांच्याच वासनांच्या हवाली करतो, एवढंच म्हणतो.

मग क्रूसाचं काय? इथे कॅन्टरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याच्यावर झालेला अन्याय दूर केला पाहिजे. राजाशी भांडण होऊन तो इटलीत परागंदा असताना, 1098 मध्ये, देव मनुष्य का झाला यावरचा त्याचा संवादग्रंथ पुरा झाला. खुनशी देवाचं खापर लोक त्याच्याच डोक्यावर फोडतात. वास्तविक अन्सेल्म म्हणतो की पापानंतर दोनच वाटा आहेत: एक तर शिक्षा, नाहीतर भरपाई. क्रूस ही भरपाई, म्हणजे शिक्षेऐवजी आलेली गोष्ट. दोहोंना एक करून, ख्रिस्ताने आपल्या वाट्याची शिक्षाच भोगली असं ठासून मांडलं ते सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनने, आणि कॅल्विनचं शिक्षण कायद्याचं होतं. आज ज्याला बायबलची शिकवण म्हणून आपल्यापुढे ठेवतात, त्यातला बराच भाग या न्यायालयाच्या कल्पनेचा आहे.

मला अन्सेल्मची सरंजामी मानमरातबाची चौकटही नको. पण त्याचा एक आग्रह सोडता येत नाही: क्षमा फुकट नसते. सावकाराने कर्ज सोडून दिलं, तर तो पैसा हवेत विरत नाही. तोटा सोडणाऱ्याच्या अंगावर पडतो. हिंसेची क्षमाही तशीच. जो सूड घेत नाही तो घाव स्वतःच्या अंगावर ठेवतो. क्रूसावरचं रक्त रोमन शिपायांनी सांडलं, पिलाताच्या हुकमाने सांडलं, मित्र पळून गेल्यावर सांडलं. देवाने ते मागितलं नव्हतं. ते घेणारा नव्हे, देणारा देव होता, असं ख्रिस्ती श्रद्धा म्हणते; देव ख्रिस्तामध्ये राहून जगाचा स्वतःशी समेट करत होता, असं पौल लिहितो. समेट जगाचा व्हायचा होता, देवाची समजूत काढायची नव्हती.

हे सगळं एका खुंटीवर टांगलेलं आहे हे मी लपवत नाही. क्रूसावरचा तो माणूस देव नसेल, तर वक्ते शंभर टक्के बरोबर आहेत: दोघांच्या भांडणात तिसरा निरपराध मारला गेला. म्हणूनच येशूला फक्त थोर शिक्षक मानायचं आणि त्याच्या रक्ताची गाणीही गायची, ही उदारमतवाद्यांची तडजोड मला पटत नाही. दुसरी गोष्ट: छळलेल्यांच्या वतीने छळणाऱ्याला क्षमा करण्याचा हक्क कुणाला? लांबून बघणाऱ्याला नाही, मग तो देव का असेना. छळलेल्यांत जो स्वतः सामील झाला, त्यालाच. क्रूसाची मला दिसणारी गरज ही आहे. आणि क्रूसाने देवाचा कोप शमला, हे मला मान्य नाही. माणसं जोड्यांच्या मोलाने विकली जात आहेत तोवर तो शमण्याचं कारण नाही, आणि दयेने त्याला शमवूही नये.

दया आणि संताप एकत्र नांदतात, याचं पंडिता रमाबाईंचं उदाहरण मराठी वाचकापुढे ठेवलंच पाहिजे. त्यांचे आईवडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले. त्याआधी त्या कुटुंबाने देव प्रसन्न व्हावा म्हणून व्रतं, उपास, दानं यांत होतं नव्हतं ते घातलं होतं, हे रमाबाईंनीच लिहिलं आहे. देवाला काही देऊन वळवायचं, हा हिशेब त्यांनी भुकेल्या पोटी तपासला होता. इंग्लंडमध्ये 1883 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो कोपाचं समाधान झालं या सिद्धान्तामुळे नाही. फुलहॅमला समाजाने टाकलेल्या बायकांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. हे का करता असं विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. दया आधी दिसली. क्रूसाचा अर्थ त्यांना स्वतःपुरता उमगला तो पुढे कित्येक वर्षांनी. दरम्यान 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखावर त्यांनी जे इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते संतापातून लिहिलेलं आहे. तो संताप आणि निराधार बायकांना आसरा देणारं केडगावचं मुक्तिसदन एकाच बाईचं काम होतं.

नगरपासून वसईपर्यंतच्या मराठी धर्मगुरूंना माझी विनंती आहे. येत्या गुड फ्रायडेला मुलांना सांगू नका की देवाला कुणाचं तरी रक्त हवंच होतं. देवाला राग येत नाही असंही सांगू नका. लेवीयचा पाचवा अध्याय वाचा, अकरावं वचन मोठ्याने वाचा, आणि मग क्रूसाविषयी बोला.