पुरे कुणी म्हणायचं?

दिल्लीतल्या मराठी घरांत सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येतं. हातपाय चालताहेत तोवर देवानं न्यावं, कुणावर ओझं नको. करोल बागेतल्या जुन्या बिऱ्हाडात हे वाक्य बोललं जातं, तसंच ते गुरुग्रामच्या विसाव्या मजल्यावरही बोललं जातं. ते ऐकून मुलगा म्हणतो, "बाबा, काहीतरीच काय बोलता?" सून विषय बदलते आणि बोलणं पुन्हा गुडघ्यांवर, साखरेवर, सीजीएचएसच्या दवाखान्यातून आणायच्या गोळ्यांवर येतं. पुढे एखाद्या रात्री श्वास लागतो, रुग्णवाहिका येते, आणि अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर त्याच मुलापुढे सहीसाठी कागद येतो. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे त्याला पाच मिनिटांत ठरवायचं असतं. वडिलांना नेमकं काय हवं होतं, हे त्याला माहीत नसतं. देवानं न्यावं, एवढंच काय ते वडील बोललेले असतात, आणि कागदावर सही करायला देव येत नाही.

त्या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला कायद्यापेक्षा धर्माची भीती जास्त वाटते. उपचार थांबवा म्हटलं तर आपण जन्मदात्याला मारलं असं होईल का? आणि म्हाताऱ्या माणसानं स्वतःच पुरे म्हटलं, तर ते जीवन नाकारण्याचं पाप ठरेल का?

या प्रश्नाचा विचार करताना दिल्लीकर मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. राजघाटाजवळ 'सन्निधि' नावाची वास्तू आहे. आचार्य काकासाहेब कालेलकरांची अखेरची अनेक वर्षं तिथे गेली. साताऱ्यात १ डिसेंबर १८८५ रोजी जन्मलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर २१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीत वारले, तेव्हा ते पंच्याण्णव वर्षांचे होते. विशेष म्हणजे हा दीर्घायुषी माणूस ऐन उमेदीत, १९२० च्या दशकात, क्षयाने आजारी पडला होता. तेव्हा क्षयावर रामबाण औषध नव्हतं. विश्रांती, हवापालट, आहार आणि नशीब एवढ्यावरच सगळी भिस्त होती. त्यातून ते उठले, पत्नीच्या मागे सुमारे अर्धं शतक जगले, १९५२ ते १९६४ राज्यसभेत बसले, पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि उतारवयातही जपानपर्यंत प्रवास करत राहिले.

याच माणसाने मृत्यूवर पुस्तक लिहिलं आणि त्याला 'परमसखा मृत्यु' असं नाव दिलं. मृत्यूला सर्वांत जवळचा मित्र म्हणणाऱ्या कालेलकरांच्या लेखनात जगण्याचा कंटाळा कुठेही सापडत नाही, हे नीट पाहायला हवं. तुरुंगाच्या भिंतीवरच्या मुंग्या, पक्षी आणि मांजरं यांच्यावर त्यांनी 'ओतराती दीवालो' हे गुजराती पुस्तक लिहिलं. नद्यांवर ते भक्तासारखे लिहीत. आकाशातल्या ताऱ्यांचा त्यांना छंद होता. इतका रस घेऊन जगलेला माणूस मृत्यूला सखा म्हणतो, तेव्हा त्यात तक्रार नसते. दुखावल्यामुळे 'आता मरण बरं' म्हणणं वेगळं आणि जगून झाल्यावर 'आता आलास तरी चालेल' म्हणणं वेगळं. या विषयावरची आपली बहुतेक चर्चा हे दोन्ही एकच समजून होते, आणि तिथेच ती फसते.

कालेलकर ज्या वर्तुळात वावरले, तिथे हा प्रश्न आधीही पेटला होता. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं. गांधीजींनी डॉक्टरकडून त्याला इंजेक्शन देववून त्याचा शेवट करवला. ज्या आश्रमात अहिंसा हे व्रत, तिथे वासराचा जीव घेतला म्हणून गुजरातेत वादळ उठलं आणि संतप्त पत्रांचा ढीग पडला. आपण केलं ते अहिंसेला धरूनच होतं, असं गांधीजींनी जाहीरपणे लिहिलं. मात्र माणसाच्या बाबतीत त्यांचा हात इतका मोकळा नव्हता. माणसाची सेवा करण्याचे मार्ग सहसा शिल्लक असतात आणि माणूस आपली इच्छा सांगू शकतो, हा फरक त्यांच्या विचारात होता. आजही या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा इच्छा सांगण्याचाच आहे.

महाराष्ट्राने आपली इच्छा स्वच्छ सांगणारी माणसं पाहिली आहेत. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनी औषध, अन्न आणि पाणी घेणं थांबवलं, आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, ते गेले. सावरकरांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला भेद लेख लिहून मांडला होता. पुढे अन्न-औषध सोडून २६ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांनी मुंबईत देह ठेवला. बेळगाव भागातल्या भोज गावचे जैन आचार्य शांतिसागर १९५५ च्या सप्टेंबरमध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागाने देह ठेवण्याचं जैन व्रत, घेऊन गेले. श्रद्धा आणि राजकारण या दोन्ही बाबतींत या तिघांची तोंडं तीन दिशांना होती. निर्णय मात्र तिघांनीही शुद्धीत, लोकांदेखत, स्वतःच्या तोंडाने सांगून घेतला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखनेला आत्महत्येसारखा गुन्हा ठरवलं, तेव्हा त्याच महिन्याच्या अखेरीस दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

पण आचार्यांचं उदाहरण प्रापंचिक माणसाला पुरत नाही. विनोबांना कुणाच्या शाळेची फी भरायची नव्हती. त्यांच्या भोवती शिष्य होते, सून-मुलगा नव्हते. गृहस्थाला मरतानाही घर विचारात घ्यावं लागतं. त्याला शोभेल असा दाखला दिल्लीच्या उत्तरेला, सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. कुरुक्षेत्रात भीष्म शरपंजरी पडले ती जागा लोक आजही दाखवतात. भीष्मांच्या इच्छामरणाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण भीष्मपर्वातला एक तपशील सांगायचा सहसा राहून जातो. भीष्म पडल्यावर दुर्योधन शल्यविद्येत निष्णात असलेले वैद्य साहित्यासह घेऊन येतो. त्या काळच्या मानाने हा अतिदक्षता विभागच म्हणायचा. भीष्म त्या वैद्यांचा मान राखतात, त्यांना द्रव्य द्यायला सांगतात आणि परत पाठवतात. बाण काढायला ते नकार देतात. लोंबकळणाऱ्या मस्तकाला आधार मात्र मागून घेतात, आणि राजांनी आणलेल्या मऊ उशा नाकारल्यावर अर्जुन बाणांचीच उशी करतो. ते पाणी मागतात आणि तेही मिळतं. मग उत्तरायणाची वाट पाहत ते नातवंडांशी बोलत राहतात. शांतिपर्व आणि अनुशासनपर्व हे त्या बोलण्याचंच फळ आहे.

उपचार नाकारले आणि सेवा स्वीकारली, असा हा प्रसंग आहे. आजच्या वैद्यकात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदनाशामक परिचर्या, ज्या पायावर उभी आहे तो हाच. कर्करोगातून बऱ्या झालेल्या हरमाला गुप्ता यांनी १९९६ साली दिल्लीत 'कॅनसपोर्ट' ही संस्था काढली. तिथले डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक रुग्णाच्या घरी जातात, वेदना कमी करतात, जखमा बघतात आणि घरच्यांना शिकवतात. व्हेंटिलेटर नको म्हणणं म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणं, ही भीती अशी परिचर्या न पाहिल्यामुळेच मनात बसते.

आता पुन्हा त्या ओझ्याकडे. 'कुणावर ओझं नको' हे वैराग्य समजून घरचे मान डोलावतात. अनेकदा ते वैराग्य नसतं. औषधाचा खर्च काढताना मुलाच्या कपाळावर आलेली आठी त्यात असते. दिवसभर कुणी बोललेलं नसतं. बाथरूममध्ये पडल्यावर हाक ऐकायला घरात कुणी नव्हतं, ती आठवणही असते. असं दुखावलेलं मन पुरे म्हणतं, तेव्हा त्याला मान तुकवणं हा धर्म नव्हे. आधी दुखणं दूर करायचं, मग इच्छा विचारायची. या क्रमात तडजोड नको.

ओझं या शब्दाला खरं उत्तर मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी दिलं. २७ नोव्हेंबर १९७३ च्या अत्याचारानंतर त्यांची सहकारी अरुणा शानबाग जवळजवळ ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होती. पिढ्या बदलल्या, पण त्यांनी तिला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. इतकी वर्षं पडून असूनही अंगावर शय्याव्रण नाही, याची न्यायालयाने नोंद घेतली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्यासाठी केलेली दयामरणाची याचिका फेटाळली. त्याच निकालात, कडक अटींवर, जीवरक्षक उपचार काढून घेण्याची वाट मात्र खुली केली. अरुणाच्या बाबतीत परिचारिका नाही म्हणत होत्या, आणि सेवा करणारे हात तिचे सर्वांत जवळचे आप्त आहेत असं न्यायालयाने मानलं. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने ती गेली. तिला स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच कळू शकलं नाही. तिने काही सांगून ठेवावं असं तिचं वयही नव्हतं.

याच्या अगदी उलटं टोकही मुंबईतच दिसलं. गिरगावातल्या एका वृद्ध, निरोगी आणि स्वेच्छेने निपुत्रिक दांपत्याने राष्ट्रपतींना पत्र पाठवून दोघांसाठी सक्रिय इच्छामरणाची परवानगी मागितली. कुणी आजारी नव्हतं. आपलं जगून झालं आहे आणि पुढच्या असहायतेची वाट पाहायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कायद्यात अशा मागणीला जागा नाही, आणि ती नसावी हेच योग्य. राज्याने निरोगी म्हाताऱ्यांना मरणाचा परवाना द्यायला सुरुवात केली, तर ज्यांना मरायचं नाही त्या म्हाताऱ्यांकडे घरचे कोणत्या नजरेने पाहतील? तरी त्या दोघांची भीती खरी होती. शुद्ध हरपल्यावर आपल्या देहाचं काय होईल, ही ती भीती. तिला उत्तर द्यायलाच हवं होतं.

काही अंशी ते मिळालं. दिल्लीच्या 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार जीविताच्या अधिकाराचाच भाग मानला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली. सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे, त्यामुळे कागद बनेनाच. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही अट सैल केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. कागद असला तरी उपचार परस्पर थांबत नाहीत. रुग्णालयाचं एक मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ रुग्णाची स्थिती तपासतं. माणूस शुद्धीत असेपर्यंत आपला निर्देश केव्हाही लेखी रद्द करू शकतो. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे २०२४ मध्ये स्वतःचा निर्देश नोंदवला.

घरात सगळ्यात कठीण जातो तो अन्नाचा प्रश्न. व्हेंटिलेटर यंत्र आहे, ते बंद करणं मनाला कसंबसं पटतं. पण नळीतून पोटात जाणारी पेज? आपल्याकडे भरवणं हीच माया. उपाशी ठेवून आई गेली, हे शब्द कुणाला आयुष्यभर सोबत नको असतात. गाझियाबादच्या एका कुटुंबाने वर्षानुवर्षं निश्चेष्ट पडलेल्या मुलासाठी अर्ज केला, तेव्हा जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, तो यंत्रावर नाही, बाहेरच्या आधाराविना जगू शकतो, असं म्हणून तो फेटाळला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नळीतलं अन्न हा उपचार मानायचा की जेवण, हा तिथला पेच होता. भीष्मांनी पाणी मागितलं होतं, हे इथे आठवायला हवं. मागणाऱ्याच्या ओठांना पाणी लावणं आणि न मागणाऱ्याच्या पोटात नळी घालणं यांत फरक आहे. मरणाच्या जवळ पोचलेल्या शरीराची भूक आपोआप मंदावते, हे परिचर्येतले डॉक्टर सांगतात. त्याला चमच्याने पाणी द्यावं, ओठ ओले ठेवावेत, घास मागितला तर भरवावा. त्यापलीकडची जबरदस्ती बहुधा भरवणाऱ्याच्या समाधानासाठी असते.

म्हणून करोल बागेतल्या त्या बाबांनी देवावर सोडलेलं वाक्य पूर्ण करायला हवं, आणि तेही तब्येत धड असताना, दोन्ही मुलं समोर बसवून. कोणते उपचार चालतील, कोणते नकोत. घरी राहायचं आहे की रुग्णालयात. शुद्ध नसेल तेव्हा कुणाचा शब्द चालेल. नव्या नियमांप्रमाणे एकाहून अधिक जणांची नावं देता येतात. अमेरिकेतला मुलगा फोनवर 'सगळं करा' म्हणेल आणि रोज औषध देणारी मुलगी 'बास' म्हणेल, हा प्रसंग दिल्लीच्या रुग्णालयांत सर्रास घडतो. कुणाचं नाव पहिलं लिहायचं, यावर त्या घरात रुसवे होतील, एखाद्या रविवारी भांडणही होईल. मुलगा परत म्हणेल, "काहीतरीच काय बोलता?" तेव्हा बाबांनी विषय बदलू द्यायचा नाही.