मधल्या दाराची कडी

आजचे वाचन: मार्क ६:३०-४६



आजचं मनन एका कडीबद्दल आहे. आमच्या चर्चमागे पाळकांचं घर आहे, त्याच्या मधल्या दाराची कडी. पास्टर आणि वहिनींना विचारून, त्यांच्या परवानगीनेच हे लिहितोय.

गेल्या जूनमध्ये आमच्या मंडळीत नवे पाळक आले. वय माझ्यापेक्षा कमीच. बरोबर त्यांची पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. आधी नगर जिल्ह्यातल्या एका गावात होते. टेम्पोतून सामान उतरलं: लोखंडी कपाट, शिलाई मशीन, पुस्तकांची सात खोकी, एक तीनचाकी सायकल. महिला मंडळाने किराणा भरून ठेवला होता, तरुण संघाने दोन खोल्या रंगवल्या होत्या. आम्हाला वाटलं, आपण स्वागत केलं.

घराच्या दुरुस्तीचं काम पॅस्टोरेट कमिटीने माझ्याकडे दिलं होतं. मी इंजिनियर, म्हणून लगेच एक्सेल शीट. गळका नळ, बाथरूमचा बल्ब, खिडकीची जाळी, अशी तेवीस कामं. वहिनींना शीट दाखवली आणि विचारलं, "अजून काही?" त्या थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "दादा, जमलं तर मधल्या दाराला आतून एक कडी."

ते घर असं आहे. पुढच्या खोलीत चर्चचं कपाट आहे. त्यात प्रभुभोजनाची भांडी, रजिस्टरं, माइकच्या वायरी. पुढचं दार दिवसभर उघडं. मधल्या दाराची कडी कधीतरी तुटली, ती कुणी बसवलीच नाही. त्यामुळे कपाटाकडे आलेला माणूस सहज आत डोकावतो, पाणी मागतो, स्वयंपाकघरापर्यंत जातो. आम्ही लहानपणापासून तसेच जात आलोय. पहिल्या महिन्यात त्यांच्या मुलीने मला विचारलं होतं, "काका, तुम्ही पण इथेच राहता का?" मी खूप हसलो होतो.

मीटिंगमध्ये तेवीस कामं पाच मिनिटांत पास झाली. अडलं ते कडीवर. प्रश्न पैशाचा नव्हताच, कडी ती केवढ्याची! आमचे एक ज्येष्ठ पंच, ज्यांना आम्ही सगळे आजोबा म्हणतो, ते म्हणाले, "पाळकाचं घर म्हणजे मंडळीचं घर. आजवर कुणी कडी मागितली नाही." मग त्यांनी आपली आठवण सांगितली. ते दहा वर्षांचे असताना मध्यरात्री त्यांची आई गेली. वडील घरी नव्हते. ते अनवाणी पळत पाळकांच्या घरी गेले, दार ढकललं, ते उघडलं. "त्या रात्री कडी असती तर?" आजोबांनी विचारलं.

यावर कुणाला काही बोलता आलं नाही. मलाही नाही. शीटमध्ये त्या ओळीपुढे मी लिहिलं: पेंडिंग.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी रात्री साडेदहाला मला रविवारसाठी प्रोजेक्टरची वायर हवी होती. सकाळी मिळाली असती, पण म्हटलं आत्ताच घेऊन ठेवू. पुढचं दार लोटलेलं होतं. कपाटाला कुलूप. किल्ली आत असेल म्हणून सवयीने मी मधलं दार ढकललं.

पास्टर जमिनीवर बसले होते. वहिनींच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होते. त्या दुपारी त्यांनी आमच्या मंडळीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा दफनविधी केला होता. मीही कबरस्तानात होतो. तिथे ते शेवटपर्यंत शांत उभे होते, मुलाच्या आईला धरून. मी मनात म्हटलंही होतं, किती खंबीर आहेत.

मला बघून ते ताडकन उठले. बाहीने चेहरा पुसला आणि हसले. "या ना, या. बसा." वहिनी काही न बोलता चहा ठेवायला गेल्या. आणि मी, मित्रांनो, तो चहा प्यायलो. वायर घेतली, "सॉरी हं, उशिरा आलो" म्हणालो आणि घरी आलो. झोप लागली नाही.

त्या रात्री एक प्रश्न डोक्यात बसला. तो "या ना, या" म्हणजे आदरातिथ्य होतं का? पास्टरांचं मन मोठं आहे, यात शंका नाही. पण त्यांना "आत्ता नको" म्हणायची सोय होती कुठे? ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याच्या हो म्हणण्याला आपण प्रेम कसं म्हणायचं? ज्या दाराला कडीच नाही, ते कुणी आपल्यासाठी उघडलं, असं तरी कसं म्हणणार?

तुमच्यातले बरेच जण आयटीत आहात, तुम्हाला ऑन-कॉल माहीत आहे. आमच्या टीममध्ये सहा जण आहेत. रात्री सर्व्हर पडला तर फोन एकालाच येतो. पण आठवडा संपला की पाळी दुसऱ्याकडे जाते. कुठलाही मॅनेजर एकाच माणसाला वर्षभर ऑन-कॉल ठेवत नाही, आणि त्याच्या बायको-मुलांना तर नाहीच नाही. मशीनसाठी आपल्याला हे समजतं. माणसासाठी मात्र आपण "पाचारण" हा शब्द वापरतो आणि हिशेब बंद करतो.

यावर कुणी म्हणेल, सेवा म्हणजे नोकरी नव्हे. मान्य. म्हणूनच मी आजचा उतारा पुन्हा वाचला. शिष्य सेवा करून दमून आलेत, त्यांना जेवायलाही सवड नाही. येशू त्यांना म्हणतो, चला, एकांतात जाऊ, थोडा विसावा घ्या. नाव निघते, पण लोक काठाने धावत आधीच पोहोचतात. प्रभूला त्यांचा कळवळा येतो आणि तो त्यांना शिकवत बसतो. आपले बहुतेक संदेश इथेच थांबतात: बघा, गरज दिसली की विसावा बाजूला!

पण उतारा तिथे थांबत नाही. पाच हजार पुरुष जेवले, बारा टोपल्या भरल्या. त्या टोपल्या उचलणारे शिष्यच, म्हणजे त्या दिवशी त्यांना विसावा मिळाला नाही, हे खरंच आहे. मात्र त्यानंतर, ४५ व्या वचनात, येशू लगेच शिष्यांना नावेत बसवून पुढे पाठवतो. लोकांना निरोप देण्यासाठी तो स्वतः मागे राहतो. मग डोंगरावर प्रार्थनेला जातो.

इतकी वर्षं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "आता घरी जा" हे लोकांना सांगायचं अवघड काम त्याने दमलेल्या शिष्यांवर टाकलं नाही. ते स्वतःकडे घेतलं.

आम्ही नेमकं उलटं केलं होतं. दार बंद करण्याची मागणी आम्ही त्या घरातल्या नव्या, सगळ्यात संकोचलेल्या माणसाला करायला लावली. आणि तिने ती केली तेव्हा तिच्यावर चर्चा केली.

लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे वाचली असतील तर आठवा. रेव्हरंड टिळकांच्या घरी कोण कधी येईल याचा नेम नसे. उघड्या दाराचं नाव टिळकांचं झालं, पण पीठ मळलं कुणी? लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलं म्हणून ते आपल्याला कळलं तरी. आपल्या मंडळ्यांमधल्या कितीतरी पाळकबाईंनी काहीच लिहिलेलं नाही.

आणखी एक. प्रभू दार ठोकतोय असं चित्र आपल्यातल्या कितीतरी घरांत असतं. विल्यम होल्मन हंट या इंग्रज चित्रकाराने काढलेलं त्यातलं एक प्रसिद्ध चित्र नीट पाहा. त्या दाराला बाहेरून मूठच नाही. ते फक्त आतून उघडतं. प्रकटीकरण ३:२० वरचं ते चित्र आहे. स्वर्गाचा आणि पृथ्वीचा राजा बाहेर उभा राहून वाट बघतो. आणि मी प्रोजेक्टरच्या वायरीसाठी दार ढकलून आत गेलो.

सोमवारी ऑफिसातून येताना हार्डवेअरच्या दुकानातून कडी घेतली. आधी आजोबांकडे गेलो. पास्टर रडत होते हे सांगितलं नाही, मी न विचारता आत शिरलो एवढंच सांगितलं. आणि म्हटलं, "आजोबा, त्या रात्री तुम्ही दार ठोकलं असतं, तर पाळक उठले नसते का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उठले असते. तसा माणूस होता." त्यांना पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या मीटिंगमध्ये चर्चचं कपाट पाळकांच्या घरातून हलवण्याचा ठराव त्यांनीच मांडला. रात्री आठनंतर तातडीचं नसेल तर आधी कमिटीतल्या एकाला फोन करायचा, असंही ठरलं. त्याची पाळी लावलीय. या आठवड्यात माझी आहे.

कडी मीच बसवली. चार स्क्रू, दहा मिनिटं. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. झाल्यावर तिने ती तीनदा लावली, तीनदा काढली. मग मला बाहेर उभं करून दार लावलं आणि आतून ओरडली, "आता वाजवा!" मी वाजवलं. तिने उघडलं आणि म्हणाली, "या ना, या."

गेल्या गुरुवारी एका सहीसाठी गेलो होतो. मधलं दार बंद होतं. वाजवायला हात उचलला, तर आतून तिघांच्या हसण्याचा आवाज आला. हात खाली घेतला आणि परत आलो. सही शुक्रवारी झाली.

आज विचार करा: तुमच्या ओळखीत असं कोण आहे, ज्याला तुम्हाला नाही म्हणताच येत नाही? पाळक असेल, आई असेल, टीममधला नवा ज्युनियर असेल. त्याच्या दाराला कडी तुम्हाला बसवता येईल का?

प्रार्थना: हे प्रभू, तू दार ठोकतोस आणि थांबतोस. आम्हालाही थांबायला शिकव. आमच्या पाळकांच्या घराला विसावा दे, आणि तो आमच्यामुळे मोडू नये असं कर. येशूच्या नावात, आमेन.