श्रद्धा कोणाची, धोका कोणाचा?

धर्मसंस्कार आणि बालकाचें संरक्षण यांत विरोध आला असतां कोणास श्रेष्ठ मानावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. २०२१ च्या फेब्रुवारींत रुमानियांतील सुचावा शहरीं सहा आठवड्यांच्या एका बालकास, ऑर्थोडॉक्स रिवाजाप्रमाणें, बाप्तिस्म्याच्या वेळीं तीनदां पाण्यांत बुडविण्यांत आलें. त्याचें हृदय बंद पडलें व लवकरच तें दगावलें. शवपरीक्षेत फुप्फुसांत पाणी आढळलें. विधि बदलावा म्हणून हजारों नागरिकांनीं विनंतिपत्रावर सह्या केल्या. कपाळावर थोडें पाणी घातलें तरी चालेल, असें चर्चच्या प्रवक्त्यानें सुचविलें. दुसऱ्या एका धर्माधिकाऱ्यानें तें साफ नाकारलें.

वैनगंगेच्या खोऱ्यांत राहणाऱ्या आम्हांस याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु सोलापूरजवळ मुस्ती येथील दर्ग्यावरून नवस फेडण्यासाठीं तान्हीं मुलें सुमारें पन्नास फूट खालीं ताणून धरलेल्या चादरीवर टाकीत असत. २००८-०९ च्या सुमारास त्याची चलच्चित्रें जगानें पाहिलीं. तेथें हिंदु व मुसलमान दोघेही जात. आमच्याच विदर्भांतल्या मेळघाटांत पोटफुगीवर उपाय म्हणून अर्भकांच्या पोटावर तापल्या विळ्याचे डाग देण्याची चाल २०२५ सालींही उघडकीस आली. तेव्हां परधर्माकडे बोट दाखविण्यास आम्हांस जागा नाहीं.

मुलाची संमति नव्हती, हा आक्षेप आम्हांस पुरेसा वाटत नाहीं. संमति घेऊन कोणी बारसें करीत नाहीं, कीं लसही टोचीत नाहीं. आईबापांनीं मुलाच्या वतीनें निर्णय घेणें अटळच आहे. पण तो अधिकार विश्वस्ताचा आहे, मालकाचा नव्हे. लशीची कळ मूल स्वतःच्या रक्षणासाठीं सोसतें. नवसाचा धोका मात्र दुसऱ्यानें दिलेल्या वचनासाठीं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला तो वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, आप्तांचा रोष जाणून पत्करून. अशा श्रद्धेपुढें विरोधकही मान लववितो, कारण तिची किंमत ज्याची त्यानें मोजलेली असते. सहा आठवड्यांचें मूल कोणती श्रद्धा सिद्ध करणार?

श्रद्धावान् म्हणेल, येथें प्रश्न आत्म्याच्या तारणाचा आहे. त्यापुढें देहाची काय कथा? हा युक्तिवाद हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. पण त्याचें उत्तर त्याच्याच परंपरेंत आहे. ‘दिदाखी’ या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथांत वाहतें पाणी नसेल तर दुसरें, थंड चालत नसेल तर ऊन, आणि दोन्ही नसतील तर मस्तकावर तीनदां ओतावें, अशी मुभा आहे. वसईच्या कॅथलिक घरांत बहुधा ओतूनच बाप्तिस्मा होतो, आणि म्हणून त्यांचें ख्रिस्तीपण कोणी उणें मानीत नाहीं. ज्या धोक्यावांचून तारण अडत नाहीं, तो धोका बालकावर लादणें ही भक्ति नव्हे, हट्ट आहे.

अर्थात् प्रत्येक रूढीस असा मधला मार्ग नसतो. विधींत धोका आगंतुक असेल तेथें विधि राखून धोका काढतां येतो. पण उंचावरून टाकणें किंवा डाग देणें यांत धोका हाच गाभा आहे. तेथें सुधारणेची भाषा व्यर्थ होय. ती चाल बंदच झाली पाहिजे. आणि ती बंद करण्याचें काम केवळ कायद्याचें नव्हे. खालीं चादर धरणारे हात शेजाऱ्यांचे व आप्तांचेच असतात. ते हात मागें घेण्याचें धैर्य आम्हां सुशिक्षितांस आहे काय?