कर्त्याविना क्रियापद

१९८४च्या २-३ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट ‘गळला’. या अकर्मक क्रियापदात वायूच कर्ता ठरतो. माणूस वाक्याबाहेर राहतो. सदरलंडने १९३९मध्ये प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांकडे समाजशास्त्राचे लक्ष वेधले. येथे पेच त्याहून बिकट आहे. १९८५च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा करण्याचा अधिकार शासनाने स्वतःकडे घेतला आणि १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड केली. २०१०मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही निष्काळजीपणाबद्दल. परवाना देणारेच पालक झाल्यावर त्यांच्या दायित्वाचा प्रश्न कोणी विचारावा? जबाबदारी अनेकांत विभागली म्हणून ती उणावत नाही. प्रत्येक क्रियापदाला त्याचा कर्ता परत मिळवून देणे, हे नैतिक चिकित्सेचे पहिले काम होय.