मुठीची जागा

१५४५ सालचं लंडन. फ्रान्सशी लढाई जुंपलेली, त्यामुळे धनुष्यं करणाऱ्या कारागिरांना मान वर करायला फुरसत नव्हती. त्यांतल्या एका म्हाताऱ्याकडे दोन पोरं उमेदवारी करत होती. थोरला शिकून तयार होत आलेला, धाकटा नुकताच आलेला. पाणी भरणं, भुसा झाडणं, माळ्यावरून लाकडाच्या फाळी उतरवणं, रात्री सरस शिजवणं, धनुष्याच्या टोकांना बसवायची शिंगं घासणं, सगळं धाकट्याच्या गळ्यात. म्हातारा हुकूम सोडी आणि थोरला तो खाली सरकवी.

थोरल्याने स्वतःचं पहिलं धनुष्य तासायला घेतलं. लाकूड यू नावाच्या सूचिपर्णी झाडाचं. चांगल्या फाळी परदेशातून येत; व्हेनिससारख्या ठिकाणांहून येणाऱ्या व्यापाऱ्यांनी दर टन मालामागे चार फाळी आणायच्या, असा १४७२ पासून कायदाच होता. या लाकडाचा बाहेरचा पांढुरका थर ताण सोसतो, आतला तांबूस गाभा दाब सोसतो. जोडकाम करायला नको, पण बिघडलं तर फाळ गेलीच.

भिंतीला उभा दांडा होता. त्याच्या माथ्यावरच्या खोबणीत धनुष्य आडवं ठेवायचं, दोरी खाली ओढून दांड्यावरच्या खाचेत अडकवायची आणि चार पावलं मागे सरून बाक बघायचा. थोरल्याने बघितलं. मधल्या भागापासून वीतभर अंतरावर धनुष्य बिजागरीसारखं मोडून वाकत होतं.

"मास्तर, इथं लाकूड कमजोर निघालं. दोरा गुंडाळून आवळतो."

"कमजोर नाही ते. शेजारच्याने अंग चोरलंय, त्याच्या वाट्याचं याला वाकावं लागतंय." म्हाताऱ्याने मधोमध बोट ठेवलं. तिथे थोरल्याने चांगला जाडजूड ठोकळा राखला होता.

"मुठीची जागा ना ती? भक्कम असावी म्हणून ठेवली."

"भक्कम असू दे, ताठ नको. आपलं धनुष्य मुठीतूनही वाकतं. फार नाही, धरणाऱ्याला जाणवेल इतपत. पण वाकतं."

त्याच साली मेरी रोझ हे लढाऊ जहाज पोर्ट्समथजवळ बुडालं. पुढे शतकांनी समुद्राच्या गाळातून त्यावरची शंभराहून जास्त अखंड धनुष्यं निघाली. मधे जाड, टोकांकडे निमुळती, पण वेगळी घडवलेली मूठ एकालाही नाही. म्हातारा काही जगावेगळं सांगत नव्हता.

थोरला पात्याने मधला भाग खरवडू लागला. कागदापेक्षा पातळ साल निघायची. चार हात मारले की दोरी वीसेक वेळा हलकेच ओढायची, म्हणजे लाकूड त्या बदलाला सरावतं. मगच पुन्हा पातं. खरवडलेलं परत चिकटवता येत नाही. त्या वाकड्या जागेला तर हातही लावायचा नव्हता, आणि तेच त्याला सगळ्यात जड गेलं. संध्याकाळपर्यंत बाक एकसंध आला. धनुष्याची ओढ थोडी हलकी झाली, पण धनुष्य वाचलं.

त्याच रात्री धाकटा बसल्या जागी पेंगला आणि सरसाचं भांडं लवंडलं. थोरला भडकला. "मास्तर, हे पोर मुळातच कमजोर. याला घरी धाडा, दुसरा बघा."

म्हातारा काही बोलला नाही. चार पावलं मागे सरला आणि दोघांकडे बघत राहिला.

"उद्यापासून माळ्यावरच्या फाळी तू उतरवायच्या. पाणीही तूच भरायचंस."

थोरल्याचं तोंड उतरलं. "आणि शिंगं कोण घासणार?"

"मी."

आतून म्हातारी म्हणाली, "मग या आठवड्याला धनुष्यं कमी निघतील हो."

"निघू देत," म्हणत त्याने बाह्या सारल्या. कानस कुठे असते, हे मात्र त्याला धाकट्यालाच विचारावं लागलं.